एक फिटिंग, चार गाळे आणि तुमचा डेटा

संशोधनाच्या प्रस्तावात एक वाक्य हमखास असतं: ‘नमुने स्थानिक कार्यशाळेतून तयार करून घेतले जातील.’ मार्गदर्शक ते वाचून पुढे जातात, समिती पुढे जाते आणि आपणही पुढे जातो. पण तुमच्या प्रयोगाचं बरंचसं भवितव्य याच वाक्यात ठरतं. नमुना कुठल्या धातूचा होता, त्यावर कसला थर होता, तो किती जाड होता आणि कोणत्या दिवशी चढवला, हे माहीत नसेल तर तीन वर्षांनी आलेखावर जे ठिपके दिसतील त्यांचा अर्थ लावता येणार नाही.

म्हणून आज त्या वाक्याच्या आत काय असतं ते बघू. मेकॅनिकल किंवा मेटलर्जीवाल्यांना यातलं काही ओळखीचं वाटेल. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, कृषी अभियांत्रिकी अशा शाखांमधून संशोधनाकडे येणाऱ्यांनी जरा सावकाश वाचा. सुटा भाग बाहेरून करून घ्यायची वेळ तुमच्यावरही येणारच आहे.

आपल्या भागात हे काम कसं चालतं

सातारा-सांगली पट्ट्याला धातूकाम नवीन नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये औंध संस्थानाने दिलेल्या माळावर किर्लोस्करवाडी वसवली आणि लोखंडी नांगर करायला घेतले. साताऱ्यात कूपर यांचा कारखाना १९२२ चा. दोन्हीकडे सुरुवात शेतीच्या अवजारांपासून झाली, पुढे पंप आणि इंजिनं आली. आज सातारा, मिरज, कुपवाड, पलूस, इस्लामपूर इथल्या एमआयडीसींमध्ये लहान लहान गाळ्यांत लेथ, सीएनसी आणि व्हीएमसी चालू असतात. दक्षिणेला कोल्हापूरच्या फाउंड्र्या आहेत आणि उत्तरेला पुण्याचे वाहन कारखाने.

या पट्ट्यात एखादा भाग सहसा एका छपराखाली पूर्ण होत नाही. बार एका दुकानातून येतो, टर्निंग दुसऱ्या गाळ्यात, हार्डनिंग तिसऱ्याच्या भट्टीत, प्लेटिंग चौथ्याकडे. माल चलनावर फिरतो. जीएसटी कायद्यात जॉबवर्कची व्याख्याच ‘दुसऱ्या नोंदणीकृत व्यक्तीच्या मालावर केलेली प्रक्रिया’ अशी आहे. आता इथे संशोधकाच्या दृष्टीने पहिला फाटा फुटतो. मटेरियल तुम्ही देऊन फक्त मजुरीचं काम करून घेताय, की मटेरियलसकट भाग विकत घेताय? पहिल्यात धातूची जबाबदारी तुमची. दुसऱ्यात ती समोरच्याची, पण तुम्ही कागदावर जेवढं मागितलं तेवढीच. ‘एमएसचा करा’ एवढंच सांगितलं असेल तर एमएसचाच होईल. त्यात कार्बन किती, हे विचारायचा हक्क तुम्ही आधीच सोडून दिलेला असतो.

एक उदाहरण धरून चालू

समजा, तुमचा विषय द्राक्षबागेतल्या फवारणी यंत्राच्या फिटिंगची झीज आणि गंज हा आहे. तासगाव भागातल्या बागांसाठी हा खरा प्रश्न आहे. दाबाखालचा पाईप जिथे जोडतो तिथे एक आटे पाडलेली फिटिंग असते आणि ती जागेवर धरायला स्प्रिंग स्टीलची क्लिप. फवारणी चालू असताना क्लिप तुटली तर पाईप सुटतो आणि औषध थेट माणसाच्या अंगावर येतं. म्हणजे प्रश्न फक्त सुट्या भागाच्या किमतीचा नाही.

इथे बहुतेक जण आधी धातू निवडतात. तसं करू नका. आधी परिसर लिहून काढा: भागाला काय लागणार, कशाचा स्पर्श होणार, किती वेळ, किती तापमानाला.

द्राक्षबागेत काय लागतं? बोर्डो मिश्रण. एक टक्क्याचं मिश्रण म्हणजे १०० लिटर पाण्यात १ किलो मोरचूद आणि १ किलो चुना. चुना पुरेसा पडला का, हे बघायला शेतकरी त्यात लोखंडी खिळा किंवा विळा बुडवतात. त्यावर तांबूस थर आला तर मोकळं तांबं शिल्लक आहे, अजून चुना हवा. हा विळा म्हणजे विस्थापन अभिक्रियेचा उत्तम प्रयोग आहे. लोखंड विरघळतं आणि त्याच्या जागी तांबं बसतं. जस्त तर लोखंडापेक्षाही सक्रिय, म्हणजे ते आणखी लवकर जातं. तेव्हा झिंक प्लेटिंग केलेली पोलादी फिटिंग कमी चुन्याच्या मिश्रणात टिकेल का, या प्रश्नाचं निम्मं उत्तर बांधावरच मिळतं. उरलेलं निम्मं म्हणजे तुमचं संशोधन: किती वेगाने, किती पीएचला, किती फवारण्यांनंतर?

धातू: नाव नव्हे, पुरावा

पर्याय साधारण असे निघतील.

*ईएन ८.* मध्यम कार्बनचं पोलाद, कार्बन सुमारे ०.४ टक्के. स्वस्त, सहज मिळणारं, हार्डनिंग होणारं. गंजाला स्वतःहून विरोध नाही, म्हणजे थर लागणारच.

*ईएन १ए.* कापायला सोपं पोलाद. लेथवाल्याला हे आवडतं, कारण चिप बारीक तुटते आणि टूल टिकतं. ही सोय त्यातल्या गंधकामुळे येते, पण पृष्ठभागावरचे सल्फाइडचे कण प्लेटिंग आणि गंज दोन्हींत त्रास देऊ शकतात.

*पितळ.* मशीनिंग छान होतं आणि पाण्यात बरं टिकतं. पण ताणाखाली असलेल्या पितळेला अमोनिया चालत नाही, तडे जातात. त्याच टाकीतून अमोनियायुक्त विद्राव्य खत जाणार असेल तर हे विसरून चालणार नाही.

*स्टेनलेस ३०४ आणि ३१६.* तांब्याच्या क्षारांना घाबरत नाही, थराची गरज नाही. क्लोराइड जास्त असेल तर ३०४ ला खड्डे पडतात, ३१६ जास्त तग धरतं. एक अडचण म्हणजे स्टेनलेसवर स्टेनलेस घट्ट केलं की आटे एकमेकांना चिकटून जाम होतात.

बाजारात बारवर रंगाची खूण असते आणि कापलेल्या तुकड्यावर ती राहतेच असं नाही. ईएन ८ आणि ईएन १ए चे ब्राइट बार नुसते बघून ओळखता येत नाहीत. स्टेनलेसला चुंबक लावून बघायची पद्धत आहे, पण तीही भरवशाची नाही. थंड अवस्थेत ओढलेलं किंवा वाकवलेलं ३०४ थोडं चुंबकाला चिकटतं आणि कमी निकेलचं २०० मालिकेतलं स्टेनलेस चिकटत नाही. तेव्हा हीट नंबरसह मटेरियल टेस्ट सर्टिफिकेट मागा, ज्याला दुकानात ‘टीसी’ म्हणतात. शिवाय त्याच बारचा एक तुकडा स्वतःकडे ठेवा आणि त्याचं स्पेक्ट्रो करून घ्या. वर्षभरानंतर परीक्षकाने प्रश्न विचारला तर हाच तुकडा तुमची बाजू मांडेल.

प्लेटिंग: विजेचा हिशोब

प्लेटिंग म्हणजे जादू नाही, फॅरेडेचा नियम आहे. किती धातू बसणार हे किती विद्युतभार गेला यावर ठरतं. एकदा हिशोब करून बघू.

झिंकच्या टाकीत दर चौरस डेसिमीटरला २ अँपिअर प्रवाह १५ मिनिटं दिला. म्हणजे २ × ९०० = १८०० कूलोम. एका कूलोमला सुमारे ०.३३९ मिलिग्रॅम जस्त बसतं, म्हणजे एकूण ६१० मिलिग्रॅम. घनता ७.१४ धरली तर १०० चौरस सेंटीमीटरवर जाडी येते साधारण ८.५ मायक्रॉन.

हा झाला आदर्श आकडा. अल्कलाइन टाकीत सगळा प्रवाह जस्त बसवण्यात खर्च होत नाही. कार्यक्षमता ७० टक्के धरली तर जाडी ६ मायक्रॉनवर येते. मग उरलेले ३० टक्के कुठे गेले? त्या प्रवाहाने पाण्यातून हायड्रोजन काढला. हा हायड्रोजन लक्षात ठेवा, त्याच्याकडे परत यायचंय.

दुसरी गोष्ट. ही जाडी सरासरी आहे. वीज टोकांकडे आणि कडांकडे जास्त जाते, खोलगट भागात कमी. फिटिंगच्या बाहेर १२ मायक्रॉन आणि आतल्या भोकात जवळपास काहीच नाही, असं सहज होऊ शकतं. आणि औषध तर भोकातूनच जातं! आतूनही सारखा थर हवा असेल तर विजेशिवाय रासायनिक पद्धतीने चढवलेलं इलेक्ट्रोलेस निकेल बघावं लागतं. ते महाग आहे, पण जाडी जवळजवळ सगळीकडे सारखी येते.

मात्र झिंकची जागा निकेलने घेतली की संरक्षणाची पद्धतच बदलते. जस्त स्वतः झिजून पोलादाला वाचवतं, म्हणून ओरखडा पडला तरी काही काळ निभावतं. निकेल पोलादापेक्षा उदात्त आहे, ते फक्त भिंत बनून उभं राहतं. भिंतीला सुईएवढं भोक पडलं की गंजाचा सगळा जोर त्या एका ठिकाणी येतो. म्हणून ‘झिंक चांगलं की निकेल’ हा प्रश्नच अपुरा आहे. थर अखंड राहील याची खात्री आहे का, हे आधी विचारा.

आटे का बसत नाहीत

नव्या संशोधकाला प्लेटिंगनंतर हा धक्का बसतो. नट आधी छान फिरत होता, प्लेटिंगहून आला आणि अडकला. कारण भूमितीत आहे. ६० अंशाच्या आट्यावर थराची जाडी जेवढी, त्याच्या चौपट पिच व्यास वाढतो. ८ मायक्रॉनचा थर म्हणजे ३२ मायक्रॉन वाढ.

एम ८ × १.२५ च्या नेहमीच्या ६जी आट्याला मूळ मापापासून २८ मायक्रॉनची सूट असते. आटा आधीच सर्वात जाड मर्यादेवर कापला असेल तर त्यात ७ मायक्रॉनचाच थर मावतो. म्हणून ड्रॉइंगवर एक वाक्य ठळकपणे लिहायचं: दिलेली मापं प्लेटिंगच्या आधीची की नंतरची? हे लिहिलं नाही तर टर्निंगवाला आपल्या परीने बरोबर असतो, प्लेटिंगवाला त्याच्या परीने बरोबर असतो आणि भाग मात्र चूक असतो.

तुटायला उशीर लागणारी क्लिप

आता हायड्रोजन. पिकलिंगच्या आम्लात आणि प्लेटिंगच्या टाकीत तयार झालेला थोडा हायड्रोजन पोलादाच्या आत शिरतो. मऊ पोलादात फारसं बिघडत नाही. पण कडक पोलादात, साधारण ३९० विकर्सच्या वर, तो घातक ठरतो. ८.८ ग्रेडचा बोल्ट २५० ते ३२० विकर्समध्ये असतो, तिथे काळजी कमी. १२.९ ग्रेडचा ३८५ ते ४३५ मध्ये, म्हणजे धोक्याच्या पट्ट्यात. आपली स्प्रिंग क्लिपही याच गटात येते.

असा भाग तपासणीत पास होतो. बसवतानाही तुटत नाही. ताणाखाली काही तास किंवा काही दिवस राहिला की मग अचानक तुटतो, आधी वाकत नाही, इशारा देत नाही. शेतकऱ्याला वाटतं आपण जास्त आवळलं. क्लिप बनवणाऱ्याला वाटतं स्टील खराब होतं.

उपाय माहीत आहे. प्लेटिंगनंतर लवकर, शक्यतो चार तासांच्या आत, भाग १९० ते २२० अंश सेल्सिअसला काही तास भाजायचा. याला बेकिंग म्हणतात. हे पॅसिव्हेशनच्या आधी करावं लागतं, कारण त्या तापमानाला पॅसिव्हेशनचा थर खराब होतो. आता चार गाळ्यांची साखळी आठवा. ओव्हन प्लेटिंगवाल्याकडे नसेल, तर माल टेम्पोत चढेपर्यंतच चार तास निघून जातात. म्हणजे अडचण विज्ञानात कमी आणि वेळापत्रकात जास्त आहे. ओव्हन असलेला प्लेटिंगवाला शोधणं, नाहीतर विजेविना लावता येणारा झिंक फ्लेकचा थर निवडणं, हे दोन रस्ते उरतात.

चाचणी तुमच्याच प्रश्नाची आहे का?

थर किती चांगला, हे सांगताना सगळे सॉल्ट स्प्रेचे तास सांगतात. ३५ अंशाला ५ टक्के मिठाच्या पाण्याचं धुकं आणि पांढरा गंज, मग लाल गंज यायला लागलेले तास. ही चाचणी एका टाकीतला आजचा माल आणि कालचा माल यांची तुलना करायला चांगली आहे. पण ‘इतके तास म्हणजे शेतात इतकी वर्षं’ असं गणित तिच्यातून निघत नाही. तासगावच्या बागेत समुद्राचं धुकं नाही. तिथे मोरचूद आहे, चुना आहे, ऊन आहे आणि दोन फवारण्यांमधला कोरडा काळ आहे. सॉल्ट स्प्रेचे आकडे जरूर घ्या, दुसऱ्यांशी तुलनेला उपयोगी पडतात. पण मुख्य चाचणी तुमच्या परिसराची बांधा: मिश्रणात बुडवणं, वाळवणं, पुन्हा बुडवणं.

आता सगळ्यात जास्त घसरण होते ती जागा. तुम्ही ३० फिटिंग एकाच वेळी एकाच बॅरलमध्ये प्लेट करून आणल्या. तुमची नमुना संख्या किती? ३० नाही. प्लेटिंगची प्रक्रिया एकदाच झाली, म्हणून प्लेटिंगच्या दृष्टीने ती १ आहे. त्या ३० मधला फरक तुम्हाला बॅरलच्या आतला फरक सांगतो, दोन दिवसांतला किंवा दोन टाक्यांतला नाही. झिंक आणि निकेल यांची तुलना करायची असेल तर प्रत्येकाच्या वेगवेगळ्या दिवशीच्या किमान तीन-चार बॅचेस हव्यात. रॅकवर प्लेटिंग असेल तर कोणता भाग कुठे टांगला होता तेही नोंदवा. खर्च वाढतो, हे खरं. पण ३० च्या जागी प्रत्येक बॅचचे ८ भाग घेऊन चार बॅचेस केल्या तर भाग जवळपास तेवढेच लागतात आणि निष्कर्षाला पाय मिळतात.

टाकीच्या पलीकडची माणसं

झिंकवरचं पिवळसर, इंद्रधनुषी पॅसिव्हेशन पूर्वी हेक्साव्हॅलंट क्रोमियमचं असायचं. ते माणसात कर्करोग घडवतं, हे सिद्ध आहे. युरोपने वाहनांतून २००७ पासून ते जवळपास हद्दपार केलं आणि निर्यातीच्या मालासाठी ट्रायव्हॅलंट आलं. रंगावरून मात्र ओळखायला जाऊ नका, ट्रायव्हॅलंटलाही पिवळा रंग देता येतो. डायफिनाइल कार्बाझाइडची चाचणी करा, हेक्साव्हॅलंट असेल तर जांभळट लाल रंग येतो.

सांडपाण्यातलं हेक्साव्हॅलंट आधी आम्लात, पीएच २ ते ३ ला, बायसल्फाइटने ट्रायव्हॅलंट करावं लागतं आणि मग चुन्याने पीएच वाढवून गाळ म्हणून खाली बसवावं लागतं. नदी-नाल्यात सोडायच्या पाण्यात आपल्याकडची मर्यादा लिटरला ०.१ मिलिग्रॅम आहे. गाळ धोकादायक कचऱ्यात मोडतो. हे सगळं करणाऱ्या प्लेटिंगवाल्याचा दर थोडा जास्त असतो. सर्वात स्वस्त कोटेशनला काम द्यायचा नियम आपण डोळे मिटून पाळला तर तो फरक कृष्णाकाठचं पाणी आणि टाकीपाशी उभा असलेला कामगार भरतो. तेव्हा कोटेशन मागतानाच ‘ट्रायव्हॅलंट पॅसिव्हेशन’ आणि ‘प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती असलेलं युनिट’ या अटी लिहा. अट सगळ्यांना सारखी असली की स्वस्ताई त्या अटीच्या आत राहते.

पैशाचंही तसंच. नोंदणीकृत सूक्ष्म आणि लघु उद्योगाचं बिल जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचं, असं २००६ चा एमएसएमई कायदा सांगतो. संस्थांच्या खरेदी विभागांचा वेग तुम्हाला कळेलच. लहान गाळेवाल्यासाठी तुमचे २० भाग म्हणजे चालू सेटिंग मोडून केलेलं काम असतं. त्याचं बिल अडकलं तर पुढच्या विद्यार्थ्याला तो उभा करणार नाही, आणि त्यात त्याचं काही चूक नाही.

गाळ्यात जाण्याआधी

एका कागदावर एवढं लिहून न्या:

१. भाग कुठे आणि कशात वापरायचा आहे.
२. धातूचं ग्रेड, अवस्था आणि हीट नंबरसह टीसी हवं की नको.
३. कडकपणा, विकर्समध्ये वरची आणि खालची मर्यादा.
४. थराचा प्रकार, किमान जाडी आणि ती मोजायची नेमकी जागा.
५. मापं प्लेटिंगआधीची की नंतरची.
६. बेकिंग हवं का, किती वेळात, किती तापमानाला.
७. पॅसिव्हेशन कोणतं.
८. बॅचेस किती आणि प्रत्येक बॅचचा प्रवाह, वेळ, तारीख कोण नोंदवणार.

मग कागद पुढे करून थांबा आणि ऐका. ‘साहेब, या कोपऱ्याला रेडियस द्या, नाहीतर थर धरत नाही,’ असं टर्निंगवाले काका सांगतील ते कुठल्या शोधनिबंधात सापडेलच असं नाही. पण ते वहीत लिहून घेताना पुढे एक प्रश्नचिन्हही टाका: किती रेडियसला थर धरायला लागतो? उत्तर आकड्यात कुणी दिलेलं नसेल तर तुमच्या प्रबंधाचं एक प्रकरण तिथेच उभं आहे.

प्रस्तावातलं ते वाक्य आता पुन्हा लिहा. ‘स्थानिक कार्यशाळेतून’ हे शब्द राहू देत, त्यांच्यापुढे हे आठ मुद्दे येऊ देत. वाक्याचा परिच्छेद होईल. समितीने तो वाचला नाही तरी चालेल. तिसऱ्या वर्षी आलेखावरचा एखादा ठिपका बाकीच्यांपासून लांब पडेल, तेव्हा तुम्ही तो नक्की वाचाल.